हेमांगीबाई देवस्थळी यांणी चंबू धुतला त्याची हकीकत

श्री. अणूस अणूची ओढ ज्याणे लाविली त्यास दंडवत. पुढे हकीकत ऐसी जे, साहेबी पुसिले की रसायनप्रांती देवस्थळी बाईंनी भर सभेत आपलाच लेख आपल्या तोंडे मागे घेतला, हे खरे की बाजारगप्पा. त्यास जे डोळां पाहिले आणि जे विश्वासू माणसांनी सांगितले ते येथे लिहिले आहे, पदरचा मीठमसाला घातला नाही, निदान फार घातला नाही.

शके १९०७, क्रोधननाम संवत्सरी, आषाढमासी हेमांगीबाई परमुलखी विद्या संपादून आल्या, आणि सरकारांनी, म्हणजे प्रांताचे जे संचालक त्यांणी, बाईंस एक दालन, दोन मेजे व एक गळका नळ देऊन रेणूंची झाडे वाढविण्याचे काम सांगितले. झाडे म्हणजे मातीतली नव्हेत. एक खोड घ्यावे, त्यास दोन फांद्या जोडाव्या, त्या दोहोंस चार, चोहोंस आठ, ऐसे करीत जावे. आणि इतकी मेहनत करून हाती लागते ते पिवळट चिकट काहीतरी, पाहुण्यास दाखविण्याजोगे नव्हे. बाईंनी नऊ वर्षे हेच केले आणि नाव मिळविले. मग त्यांच्या मनी आले की फांद्यांच्या टोकांस ऐसी काही योजना करावी की दोन झाडे जवळ येताच एकमेकांचा हात धरतील, परंतु कायमची गाठ मारणार नाहीत. ऊब लागली की हात सोडतील आणि गार झाले की पुन्हा धरतील. शके १९१६ मध्ये मिरजेकडील शबनम मुजावर पदवीच्या संशोधनास बाईंच्या हाताखाली आल्या, त्यांस हेच काम दिले, आणि सातवे महिनी काचेच्या चंबूतले द्रावण गार होऊन घट्ट बसले. या प्रांती रिवाज ऐसा की घट्टपणाचा दावा करणाराने पात्र सर्वांदेखत उलटे धरावे. थेंब गळला तर दावा बुडाला. बाईंनी चंबू उलटा धरिला, थेंब गळेना. तापविला तो पाणी, गार केला तो पुन्हा घट्ट. मग लेख जाहला, तो देशोदेशी वाचला गेला, आणि सरकारांनी बोलून दाखविले की शके १९१९चे मार्गशीर्षी महासभा भरेल तेव्हा प्रांताचा मोठा सन्मान बाईंस द्यावा, आणि शबनमबाईंची पदवीही त्याच लेखावर व्हावी.

आता चंबूची गोष्ट सांगितली पाहिजे. प्रांताचा कायदा ऐसा की कामावरून उठताना ज्याणे त्याणे आपली काचपात्रे कॉस्टिकच्या कुंडात बुडवावी, ते पाणी ऐसे जहाल की काचेचा पापुद्राही खाते. बाईंचा चंबू तेवढा या कायद्यातून सुटला होता. तो त्यांच्या गुरूंनी दिला होता, मानेशी निळा दोरा बांधिला होता, आणि बाई म्हणत, "माझा चंबू मी धुते, कुणी हात लावू नका." धुणे म्हणजे काय, तर ॲसिटोनने दोनदा खळबळून पालथा घालणे. गुरूची वस्तू, कॉस्टिकात कोण घालील? आणि शबनमबाईंस सक्त ताकीद की हे काम करायचे ते याच चंबूत, कारण त्याच्या बुडाचा घेर बाईंच्या हाताला बसला होता. तीन वर्षे ऐसेच चालले आणि कोणास त्यात काही वावगे वाटले नाही.

कार्तिकमासी नरहरराव बेहेरे यांचे पत्र आले. हे दुसऱ्या प्रांतीचे रसायनकार, मोजके बोलणारे. त्यांणी लिहिले की तुमचे लेखाबरहुकूम आठ वेळा केले, आठही वेळा पाणीच राहिले, आमचे काय चुकते ते कळवावे. बाईंच्या तळपायाची आग मस्तकी गेली. त्यांणी उलट टपाली लिहिले की आपला हात या कामास जड आहे, येथील विद्यार्थिनीही हे सहज करितात. पत्र गेले आणि बाईंस बरे वाटले. परंतु शबनमबाईंस बरे वाटले नाही. त्यांणी कोणास न सांगता कोरा चंबू काढिला आणि त्यात तेच द्रव्य, तेच माप, तोच विस्तव केला, आणि गार करून उलटा धरिला तो सारे मेजावर सांडले. मग निळ्या दोऱ्याच्या चंबूतले घट्ट द्रव्य तापवून कोऱ्यात ओतले, तेही गार होऊन पाणीच राहिले. मग दोन दिवस शबनमबाई बाईंसमोर येताना खाली पाहू लागल्या, आणि तिसरे दिवशी सकाळी दोन्ही चंबू घेऊन उभ्या राहिल्या.

"बाई, रागवा, पण ऐका," ऐसे बोलून त्यांणी सारे सांगितले. "आपलं द्रव्य घट्ट होतंय ते झाडांमुळे नाही. तुमच्या चंबूत काहीतरी चिकटलेलं आहे."

बाई म्हणाल्या, "तुझंच काही चुकलं असेल. दे इकडे." आणि स्वतः पदर खोचून बसल्या. दुपारपर्यंत तीन वेळा केले, तिन्ही वेळा कोऱ्या चंबूत पाणी आणि जुन्यात घट्ट. मग बाई स्टुलावर बसल्या, कारण त्यांस कळून चुकले होते. दूध आपोआप लागत नाही, विरजण लागते. तैसे त्या जुन्या काचेवर पूर्वीच्या कुठल्याशा कामाचा डोळ्यांस न दिसणारा अंश बसला होता आणि तोच विरजण होता. आणि हे विरजण ऐसे लबाड की दह्यात उतरत नव्हते, भांड्यासच धरून राहिले होते.

बाईंनी सरकारांकडे जाऊन सारे सांगितले. सरकारांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "महासभेस चार दिवस राहिले आहेत. चंबू आहे ना? मग तोच न्या, उलटा धरा, हार घ्या. कारण मागाहून शोधू."

"आणि धुऊन पाहिल्याशिवाय मी खात्रीनं काय सांगू?"

"तेच म्हणतो. धुऊ नका. धुतला की तुमच्यापाशी दाखवायला काहीच उरणार नाही."

बोलणे खोटे नव्हते. अंश इतका थोडा की कोणत्याही यंत्रास दिसत नव्हता. धुतला तर अनुमानाची खात्री होणार, आणि तीन वर्षांचे काम पुन्हा करून दाखविण्याचे साधन जगातून जाणार. बाई दालनी परतल्या आणि शबनमबाईंस म्हणाल्या, "यात तुझी पदवी आहे. तू नको म्हणालीस तर मी हा असाच कपाटात ठेवते, आणि तुला कधी दोष देणार नाही."

शबनमबाईंनी विचार केला. घरी आई दर आठवड्यास पुसत होती की संपले काय. मग म्हणाल्या, "बेहेरे सर नववी वेळ करत असतील, बाई. धुवा."

मग बाईंनी प्रथम ऊन द्रावकाने चंबू खळबळून ते धुवण बाटलीत राखिले, आणि निळा दोरा सोडून चंबू कॉस्टिकात बुडविला, आणि दुसरे दिवशी काढून, वाळवून, त्यातच तेच काम केले. उलटा धरिला. गळले. राखलेल्या धुवणानेही काही लागले नाही. बाईंच्या डोळ्यांस पाणी आले, ते त्यांणी बाहीने पुसले आणि वहीत लिहून ठेविले.

महासभेचे दिवशी मंडप भरला होता, सरकार हार घेऊन बसले होते, आणि बेहेरे तिसऱ्या रांगेत. बाईंनी चंबू वर केला, उलटा केला, आणि पांढऱ्या चादरीवर सारे ओघळले. सभेत कुजबूज जाहली. बाई म्हणाल्या, "लेखात लिहिलं ते होत नाही. होत होतं ते माझ्या न धुतलेल्या भांड्यामुळे. लेख मी मागे घेते. बेहेरे बरोबर होते, आणि मी त्यांना हात जड आहे असं लिहिलं, ते या सभेत परत घेते." सरकारांनी हार मेजावर ठेविला आणि सन्मान त्या वर्षी कोणासच दिला नाही. बेहेरे सभा संपताच बाईंपाशी आले आणि एवढेच पुसले, "त्या चंबूत आजवर काय काय केलं, त्याची नोंद आहे?" नोंद होती. अठरा निरनिराळी कामे.

सभेहून परतताना गाडीत बाई शबनमबाईंस म्हणाल्या, "तुझी दोन वर्षं मी फुकट घालवली."

"तीन, बाई," शबनमबाई म्हणाल्या, आणि खिडकीतून बाहेर पाहू लागल्या. दुसरे दिवशी दहा वाजता त्या दालनी हजर होत्या आणि अठरांपैकी पहिले काम मांडले होते.

सारांश ऐसा. अठरा कामे एकामागून एक नव्याने करून त्यांचा कण कोऱ्या काचेवर लावून पाहिला; दहा व्यर्थ गेली, अकराव्याने घट्ट बसले; ते एक अर्धवट वाढलेले झाड होते, एक फांदी न फुटलेले. शके १९२२, विक्रमनाम संवत्सरी शबनमबाईंचा लेख जाहला आणि पदवीही जाहली. त्याआधी लेखाच्या कच्च्या प्रतीवर बाईंचे नाव होते ते बाईंनी खोडून पाठविले, शबनमबाईंनी पुन्हा लिहिले, बाईंनी पुन्हा खोडिले. मग शबनमबाईंनी चिठ्ठी धाडिली की, "धुतला तुम्ही. नाव काढाल तर लेखच पाठवत नाही." त्यावर बाईंनी नाव राहू दिले. कळावे.