होडी? कसली होडी?

सरकारी चौकशीला घाबरणारे लोक वेगळे! मी, व्हर्जिल प्रुइट, व्हर्जिनियातल्या गोदीत पाणबुड्यांचे पाइप जोडतो. बढतीच्या कामाला गुप्ततेचा परवाना लागणार होता आणि त्यासाठी वॉशिंग्टनहून रेन्फ्रोबाई माझी चौकशी करायला येणार होत्या. येऊ देत की! दारू नाही, जुगार नाही, परदेशात एक मावशीसुद्धा नाही!

फक्त एक होडी होती. हप्ते थकले म्हणून बँकेने ती भर दुपारी ओढून नेली होती. उरलेलं कर्ज मी दरमहा फेडत होतो. पण कर्जात बुडालेला माणूस पैशासाठी गुपितं विकेल, अशी सरकारला धास्ती असते. तेव्हा होडीचं नावच काढायचं नाही!

"व्हर्ज, सरळ सांगून टाक," बायको डार्लीन म्हणाली.

"तुला यातलं कळत नाही," म्हणून मी तडक शेजारच्या ओटिसकाकांकडे गेलो. "काका, होडीबद्दल अवाक्षर काढू नका!"

काकांनी डोळा मारला. "कसली होडी?"

शाब्बास! शेजारी असावा तर असा!

रेन्फ्रोबाई आल्या आणि नेमक्या आधी काकांच्याच ओसरीवर गेल्या. मी कुंपणाआड अझेलियाच्या झुडपाला पाणी घालू लागलो. झुडूप बिचारं गटांगळ्या खात होतं, पण मी हलतोय कुठला!

"प्रुइट शेजारी म्हणून कसे आहेत?" बाईंनी विचारलं.

"देवमाणूस! आणि त्याच्याकडे होडी नव्हती."

"मी होडीचं विचारलंच नाही."

"विचारूच नका! त्याने जन्मात होडी पाहिलेली नाही."

"ते गोदीत काम करतात ना?"

"हो, पण डोळे मिटून!" काका म्हणाले.

मी नळी घेऊन कुंपणाला आणखी चिकटलो.

"काका, असं बोलायला तुम्हाला कोणी सांगितलं का?"

"छे हो! व्हर्जिलने स्वतः सांगितलंय, की त्याने मला काही सांगितलेलं नाही!"

आता मात्र मी कुंपण फोडून आत घुसलो. "होडी होती! हप्ते थकले! बँकेने नेली! काकांना मीच पढवलं!" हातातली नळी चालूच होती. बाई नखशिखान्त भिजल्या, पण माझं तोंड थांबेना. "काकांची शेगडी मीच मोडली! आणि डार्लीनचा तो खिम्याचा मीटलोफ मी कुत्र्याला घालतो!"

"काय म्हणालास?" मागून डार्लीनचा आवाज आला.

रेन्फ्रोबाईंनी शांतपणे चष्मा पुसला. "प्रुइट, कर्जाचं मला आधीच ठाऊक होतं. तुम्ही ते नेमाने फेडताय, हेही दिसलं. तेवढ्याने कोणाचा परवाना अडत नाही. लपवलं की अडतं. आता मी विचारण्याआधी तुम्ही स्वतः बोललात, हे बरं झालं. पण शेजाऱ्याला पढवलंत, हे मला लिहावं लागेल."

"लिहा!"

"आणि हे पाणी?"

"तेही लिहा!"

त्या खळखळून हसल्या. डार्लीनने त्यांना टॉवेल दिला, काकांनी लिंबाचं सरबत दिलं. मला कोणीच काही दिलं नाही.

बऱ्याच महिन्यांनी परवाना आला! डार्लीनने पीचची फळं घालून गोड केक भाजला, काका अंगणात नाचले. नव्या कामाच्या पहिल्या दिवशी साहेबांनी मला एकामागून एक कुलपं उघडत एका खोलीत नेलं. माझी छाती फुगून शर्टाचं बटण तुटायच्या बेतात! साहेबांनी आवाज खाली आणला, पडदा बाजूला सारला...

समोर पाइप! तेच, तसलेच, रोजचेच! फरक एवढाच, की आता त्यांच्याबद्दल कोणाजवळ चकार शब्द काढायचा नाही.

अरेच्चा! म्हणजे हे तुम्हालाही सांगायला नको होतं!