प्रमाणित भोकं

हरित व्यापार मंडळाचा नियम साधा होता : पालकाच्या पानाला भोक हवं. भोक आहे म्हणजे अळी आहे, आणि अळी आहे म्हणजे विष फवारलेलं नाही. पालक पिकवणाऱ्या सासूबाई हरखूनच गेल्या. (मंडळाच्या सल्लागाराच्या त्या सासू, म्हणून आपणही सासूबाईच म्हणू.) जन्मात त्यांनी फवारणी केली नव्हती. यंदा व्यापाराची सुवर्णसंधी होती; अख्खं शेत शहरातल्या हरित दुकानांत जाणार होतं. मंडळाचा शिक्का मिळाला नाही, तर आठवडाभरात सगळं पिवळं पडून उकिरड्यावर.

जावई गळ्यात ओळखपत्र अडकवून तपासणीला आले. पान उजेडात धरलं आणि तोंड वाकडं केलं.

"आई, भोकं एकसारखी नाहीत. इथे तर अळीने मर्यादाच सोडलीय."

"अहो जावईबापू, भूक लागली की खाते ती. मी काय पट्टी घेऊन बसू तिच्यापुढे?"

"मानक गोल भोकाचं आहे. मंडळ अळ्यांसाठी प्रशिक्षण शिबिर घेणार आहे, पण निधी पुढच्या वर्षी."

दुसरा कुणी असता, तर सासूबाईंनी त्याला बांधावरूनच पिटाळलं असतं. पण लेक दिलेल्या घराशी जपून बोलावं लागतं.

तेवढ्यात पालकाच्या पेटीतून जिवंत अळी बाहेर आली आणि जावई किंचाळून मागे सरले.

"आई! अळी!"

"मग भोकं काय मी पाडली?"

"ग्राहकाला अळीचा पुरावा हवा असतो हो! अळी नको असते."

मंडळाची तातडीची बैठक झाली आणि तोडगा निघाला. आधी औषध मारून अळ्या संपवायच्या, मग कार्यालयातल्या पंचिंग मशीनने भोकं पाडायची. सासूबाईंना हे पटेना. फवारणीचा पंपसुद्धा शेजाऱ्याकडून उसना आणावा लागला. पण उभं पीक डोळ्यांदेखत वाया जाऊ देणं त्यांच्याच्याने होईना. फवारलं. मग लेकीला बोलावून मायलेकी दिवसभर पानं टोचत बसल्या. पेट्यांवर शिक्का पडला : 'निसर्गाने स्वतः तपासलेले.'

त्या दिवशी जावई जेवायला थांबले. ताटात पालक बघून त्यांचा हात थबकला.

"आई, हा त्यातला नाही ना?"

"छे हो! परसातल्या वाफ्यातला, न फवारलेला. अळ्या निवडून काढल्यात मी."

मग ते पोटभर जेवले.

पेट्या कधीच रवाना झाल्या. परवा दुकानात जुडी उजेडात धरून, भोकं निरखून, दुप्पट पैसे मोजून तुम्ही घेतलीत आणि शेजाऱ्यांना कौतुकाने दाखवलीत, ती त्यातलीच. भोकं अगदी गोल होती ना? मग काळजी कसली!