पुढच्यानं हात दाखवल्याशिवाय

मॅरेथॉनच्या दिवशी सकाळी ब्रेकसर पलंगाच्या काठावर बसून स्वतःची तपासणी करत होते. आधी पाणी. ते दोन ग्लास पिऊन झालं होतं. मग तेल. ते बायकोनं आदल्या दिवशीच गुडघ्यांना चोळून दिलं होतं. मग टायर. त्यांनी नव्या बुटांचे तळ अंगठ्यानं दाबून पाहिले. टायर कोरे करकरीत होते, आणि खरी भानगड तीच होती. शर्यतीत नाव देऊन तीन महिने झाले, तरी त्या बुटांनी घराचा उंबरा ओलांडला नव्हता.

ब्रेकसरांचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. शिकाऊ माणसाच्या शेजारच्या सीटवर बसायचं, तिथल्या जादा ब्रेकवर पाय ठेवायचा आणि जराशी शंका आली की तो कचकन दाबायचा, हा त्यांचा पंचवीस वर्षांचा धंदा. त्यांच्या हाताखालून गेलेल्या प्रत्येकाचं कपाळ एकदा तरी स्टिअरिंगवर आपटलेलं होतं. नाव त्यातूनच पडलं. त्यांचे नियम सरकारी नियमांपेक्षा कडक असत, आणि त्यातला सगळ्यात लाडका असा, की पुढच्यानं हात दाखवल्याशिवाय ओव्हरटेक करायचं नाही. पुढे हातगाडी का असेना! "त्याला पुढचा रस्ता दिसतो," ते म्हणत, "तुम्हाला फक्त तो दिसतो." शिकून बाहेर पडून वीस वर्षं झालेले विद्यार्थीसुद्धा हा नियम मोडायला धजत नसत.

तर अशा माणसाकडे मॅरेथॉनच्या कमिटीचे लोक आले होते. शर्यतीआधी रस्त्यावरच्या शिस्तीबद्दल दोन शब्द बोला, एवढीच त्यांची विनंती. पण ब्रेकसरांनी उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

"बोलायचं काय त्यात? मी धावूनच दाखवतो!"

कमिटीनं टाळ्या वाजवल्या. चहा घेऊन आलेली बायको दारातच थांबली.

"अहो, बेचाळीस किलोमीटर असतं ते."

"असू दे की! तिसऱ्या गिअरमध्ये तासाभराचा रस्ता."

बायकोनं ट्रे खाली ठेवला. "मग माझी एक अट. शर्यत पुरी केलीत, तर मी गाडीचं नाव काढणार नाही. नाही केलीत, तर येताना गाडी मी चालवणार. आणि तुम्ही ब्रेक दाबायचा नाही."

कमिटीसमोर नाही कसं म्हणणार? ब्रेकसर हो म्हणून बसले. वास्तविक सगळ्या शहराला गाडी शिकवणाऱ्या या गृहस्थांनी बायकोच्या हाती स्टिअरिंग कधी टिकू दिलं नव्हतं. ती बसली रे बसली की यांचा पाय ब्रेकवर. एकदा तर गाडी सुरू व्हायच्या आधीच त्यांनी ब्रेक दाबला होता. वर हे ठरलेलं, "तुझी अजून तयारी झालेली नाही." शेवटी तीन वर्षांपूर्वी तिनं नाद सोडला आणि शिवणाच्या क्लासला जायला लागली. चांगली वर्षभर गेली. घरात अजून उशीचा एक अभ्रासुद्धा शिवला गेला नव्हता, पण ब्रेकसरांनी त्याची चौकशी केली नाही. सुंठीवाचून खोकला गेला, यातच ते खूश होते.

शर्यतीची तयारी त्यांनी आपल्या पद्धतीनं केली. रोज सकाळी एखाद्या शिकाऊला घेऊन शर्यतीच्या रस्त्यावरून गाडी फिरवली. कुठे खड्डा, कुठे गतिरोधक, कुठला सिग्नल किती वेळ लाल राहतो, सगळं तोंडपाठ झालं. पाय तेवढे ब्रेकवरच राहिले.

"निघायचं ना?" बायकोनं आत डोकावून विचारलं. "चेहरा का असा उतरलाय?"

"कुठे उतरलाय? इंजिन गरम होतंय." ब्रेकसर म्हणाले. शाळेतल्या परीक्षेनंतर इतकी भीती त्यांना कधी वाटली नव्हती. पडायचंच असेल तर निदान पुलापर्यंत जाऊन पडावं, तिथं ओळखीचं कुणी बघायला नसतं, एवढीच आता त्यांची महत्त्वाकांक्षा उरली होती.

"पुलापलीकडच्या ड्रायव्हिंग स्कूलचे लोकही धावतायत म्हणे," बायको म्हणाली.

"धावणारच. शिस्त नावाची चीजच नाही त्यांच्याकडे. त्या मास्तरीणबाई कुणालाही लायसन्स मिळवून देतात."

"तिथे म्हणे ब्रेक दाबण्याआधी विचारतात."

"तुला कोणी सांगितलं?"

"बायका बोलतात," असं म्हणून तिनं गाडीची किल्ली त्यांच्या हातात दिली.

मानाचा माणूस म्हणून कमिटीनं ब्रेकसरांना अगदी पुढच्या रांगेत उभं केलं. शिट्टी वाजली. ब्रेकसरांनी रीतसर डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, मागे पाहिलं, आणि मगच पाय उचलला. तेवढ्यात शे-सव्वाशे लोक त्यांच्या दोन्ही बाजूंनी सुसाट पुढे निघून गेले. कुणी हाताकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"पुलापलीकडचे!" ब्रेकसर पुटपुटले.

उरलेली सगळी गर्दी मात्र त्यांच्या विद्यार्थ्यांची. ती मागे राहिली. पहिला चौक येईपर्यंत ब्रेकसरांच्या छातीचा भाता झाला, धावण्याचं चालणं झालं, आणि चालण्याचंही काय झालं ते सांगायला नको. पण त्यांना कुणी ओलांडून जाईना. मागे शेकडो बूट जागच्या जागी थपथप वाजत होते.

"सर," दातांचे डॉक्टर मागून म्हणाले, "हात दाखवता का?"

"कशाला?"

"पुढे जायला."

"एवढी काय घाई आहे?"

"सर, मी सहा महिने सराव केलाय हो!" किराणा दुकानदाराचा आवाज रडवेला झाला होता.

"सर, मला माझी वेळ सुधारायचीय," असं बँकेच्या मॅनेजर बाई म्हणाल्या.

हात दाखवणं ब्रेकसरांना जड नव्हतं. एक कमरेवर होता, एक पोटावर, पण पोटावरचा काढता आला असता. अडचण निराळीच होती. हात दाखवला की ही सगळी पलटण पुढे जाणार आणि आपण राहणार शेवटचे. शेवटच्या माणसाकडे सगळे बघतात. त्यापेक्षा सगळ्यांनीच थोडं मागे राहिलं तर कुणाचं काय बिघडतं? ब्रेकसरांनी हात पोटावरच घट्ट दाबून धरला.

मग सिग्नल आला. तो लाल होता. ब्रेकसरांना लाल रंग एवढा सुंदर कधी वाटला नव्हता. पांढऱ्या रेघेच्या अलीकडे ते बरोब्बर थांबले, आणि त्यांच्यामागे मॅरेथॉनही थांबली. कमिटीचा सेक्रेटरी धापा टाकत आला.

"सर, आज वाहतूक बंद आहे! सिग्नल बघायचा नसतो!"

"लाल म्हणजे लाल. तुला काय शिकवलं होतं मी?"

सेक्रेटरीनं नकळत कपाळावरून हात फिरवला आणि तोही रेघेमागे उभा राहिला.

हिरवा लागला. ब्रेकसर हलले नाहीत.

"सर, हिरवा," डॉक्टर म्हणाले.

"दिसतोय मला."

"मग?"

"गिअर पडत नाहीये." त्यांच्या दोन्ही पोटऱ्यांत एकदम गोळे आले होते. सिग्नल पुन्हा लाल झाला, पुन्हा हिरवा झाला. कुणीतरी मागून टाळी वाजवली, तर ब्रेकसर मान वळवून म्हणाले, "उगाच हॉर्न नको!"

एवढ्यात सायरन ऐकू आला. ॲम्ब्युलन्स! पोटऱ्या राहिल्या बाजूला. ब्रेकसर त्याही अवस्थेत सरपटत रस्त्याच्या कडेला गेले आणि ओरडले, "वाट द्या! वाट द्या! कुणाच्या तरी जिवाचा प्रश्न आहे!" सगळी मॅरेथॉन कडेला सरकली. ॲम्ब्युलन्स आली आणि ब्रेकसरांच्या मागे येऊन थांबली.

"अरे, जा ना पुढे!" ब्रेकसर ड्रायव्हरवर कडाडले.

"हात कुठे दाखवलात, सर?" तो अदबीनं म्हणाला. "आणि पुढे जाऊन तरी काय करू? तुम्हालाच न्यायला आलोय."

त्यांना उचलून आत ठेवेपर्यंत बायको सुरुवातीच्या मांडवातून चालत येऊन पोचली होती. चालत! ब्रेकसरांनी डोळे मिटून घेतले.

"दवाखान्यात नेऊ का, बाई?" ड्रायव्हरनं विचारलं.

बायकोनं दोन्ही पोटऱ्या दाबून पाहिल्या. "नको. आमच्या गाडीपाशी सोडा."

ॲम्ब्युलन्स वळली आणि परत निघाली. सर आत म्हणजे सर पुढे. मागे राहिलेल्या मॅरेथॉनला काय करावं ते सुचेना. शेवटी सवय जिंकली, आणि ती वळून ॲम्ब्युलन्सच्या मागे धावू लागली. जिथून निघाले तिथेच ते सगळे अर्ध्या तासात परत पोचले आणि, आता आलोच आहोत तर, म्हणून आपापल्या गाड्यांत बसून घरी निघाले.

बायकोनं आरसा सारखा केला. ब्रेकसरांना त्यांच्या नेहमीच्या सीटवर बसवलं होतं. पायाखाली जादा ब्रेक होता, पण पायात जोर नव्हता. विद्यार्थी गाडी चालवतोय आणि आपण ब्रेक दाबू शकत नाही, हे पंचवीस वर्षांत प्रथमच घडत होतं. त्यांनी सीटची कड घट्ट पकडली.

गाडी निघाली. धक्का नाही, हिसका नाही. वळण आलं, ते गेलंसुद्धा. ब्रेकसर चूक शोधत होते आणि चूक सापडत नव्हती. पुढे पाण्याचा टँकर रमतगमत चालला होता.

"थांब, घाई करू नकोस. तो हात दाखवेल," ब्रेकसर म्हणाले.

बायकोनं आरशात पाहिलं, वळणाचा दिवा लावला, आणि टँकर मागे टाकून गाडी अलगद पुन्हा आपल्या बाजूला आणली.

"हात न बघता गेलीस? ही कुठली पद्धत? हे तर त्या पुलापलीकडच्या..." ब्रेकसर बोलता बोलता थांबले. त्यांना उशीचा न शिवलेला अभ्रा आठवला.

"शिवणाचा क्लास पुलापलीकडे होता?"

"हो."

"लायसन्स?"

"दोन वर्षं होऊन गेली."

"पहिल्या फटक्यात?"

"पहिल्या फटक्यात."

ब्रेकसर तिच्याकडे वळले. "मग दारात गाडी उभी असताना चालवली का नाहीस? सांगायचं तरी मला!"

बायको रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली, "रस्त्यावर मी कुणाच्या हाताची वाट बघत नाही. घरात बघत बसले."

ब्रेकसरांना लाज वाटली, पोटऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त दुखेल अशी. बायकोला काहीतरी चांगलं म्हणावं असं त्यांना फार वाटलं, पण तसले शब्द त्यांच्या स्कूलमध्ये शिकवत नसत. त्यांनी काच खाली केली, सीटची कड सोडून हात बाहेर काढला आणि ऐसपैस हलवला. जा. जा पुढे.

त्याबरोबर मागून भर्रकन डॉक्टरांची गाडी आली. "थँक्यू, सर!" मागोमाग किराणा दुकानदार, बँकेच्या मॅनेजर बाई, सेक्रेटरी. मांडवापासून मुकाट्यानं मागे लागलेली, टँकरवाल्यानं हात दाखवल्यावर त्याच्या पुढे आलेली गाड्यांची ती भली मोठी रांग शेजारून सरकत राहिली, आणि सगळ्यात शेवटी ॲम्ब्युलन्सही हात हलवून गेली. रस्ता मोकळा झाला.

"हात कुणाला दाखवलात?" बायकोनं विचारलं.

"तुला," ब्रेकसर म्हणाले.

"मग तो पाय काढा की तिथून."

ब्रेकसरांनी खाली पाहिलं. पाय सवयीनं ब्रेकवरच जाऊन बसला होता. त्यांनी दोन्ही हातांनी तो धरला, उचलला आणि बाजूला ठेवला.