नॉर्वे, मलावी आणि वैशंपायनकाका

आमच्या इमारतीच्या गच्चीवरची टाकी भरून वाहू लागली की बाकीचे लोक मोटर बंद करायला धावतात. तळमजल्यावरचे वैशंपायनकाका मात्र अंगणात येतात, कमरेवर हात ठेवून वर बघतात आणि म्हणतात, "एवढ्या उंचीवरून फुकट पडतंय. एखादा दिवा तरी लागला असता." मोटर बंद झाली की थोडे नाराज होऊनच आत जातात.

इंद्रपुरीतल्या या इमारतीत आम्ही राहायला आलो त्या पहिल्याच दिवशी मी ही टाकी वाहवली होती. अर्धी भिजलेली मी खाली धावत आले आणि दारात उभ्या असलेल्या या उंच, शिडशिडीत गृहस्थांना विचारलं, "काका, मोटर कुठून बंद होते?"

"असं बघा," काका म्हणाले, "नॉर्वेची जवळजवळ सगळी वीज पडत्या पाण्यावर होते. मलावीचीही बहुतेक सगळी पडत्या पाण्यावरच. आणि पाणी दोन्हीकडे खालीच पडतं. मग एकीकडे उजेड आणि दुसरीकडे अंधार, हे कसं काय?"

मी शाळेत गणित शिकवते. प्रश्न विचारला की उत्तर द्यायचं ही सवय. "मला नाही माहीत," मी म्हणाले.

"तेच तर! कुणालाच नाही माहीत."

तोवर काकूंनी आतून मोटर बंद केली होती. पदराला हात पुसत त्या बाहेर आल्या. "अहो, त्यांना काही विचारलं की असंच होतं. पुढच्या वेळी थेट मला हाक मारा."

काका मूळचे साताऱ्याचे. बाविसाव्या वर्षी इकडे हिंदी मुलखात, इथल्या मोठ्या कारखान्यात इंजिनियर म्हणून आले, जलविद्युत टर्बाइनच्या विभागात नोकरी केली, तिथूनच निवृत्त झाले आणि इथेच राहिले. मराठी अजून साताऱ्याचीच. मी उज्जैनची, माझ्या मराठीत हिंदी किती असते ते मला ठाऊक आहे. काका म्हणत, "मास्तरीणबाई, तुमची मराठी ट्रान्सफॉर्मरमधून येते. दाब बदलून."

पण त्यांच्याशी बोलायला लोक घाबरायचे ते यामुळे नव्हे. विषय कुठलाही असो, तिसऱ्या वाक्याला काका 'दोन्हीकडे' म्हणायचे. आणि दोन्हीकडे म्हणजे आमचं घर आणि तुमचं घर नव्हे, नॉर्वे आणि मलावी. पोह्यांवर शेव कमी पडली, दोन्हीकडचं मुख्य अन्न. गल्लीत रस्ता खणला, दोन्हीकडचे रस्ते. कुणाच्या मुलाला नोकरी लागली, दोन्हीकडची बेकारी. समोरच्या तिवारीजींचे वडील गेले तेव्हा भेटायला गेलेल्या काकांनी तिवारीजींचा हात हातात घेतला आणि अगदी मनापासून म्हणाले, "नॉर्वे के हिसाब से भी अच्छा जी गए." तिवारीजींना हे सांत्वन आहे की टोमणा, ते कळेना. पुढे तीन महिने काकू त्यांच्याकडे पुरणपोळ्या, बेसनाचे लाडू, जे होईल ते पोहोचवत राहिल्या तेव्हा कुठे बोलणं सुरू झालं.

बिट्टन मार्केटच्या आठवडी बाजारात त्यांना सगळे ओळखायचे. काका टोमॅटो हातात घेऊन विचारत, "एक किलो के लिए तुमको खुद कितनी देर काम करना पड़ेगा?" आणि मग नॉर्वेतला मजूर किती मिनिटं आणि मलावीतला किती तास, ते समजावून सांगत. मागे रांग लागायची. एकदा तो भाजीवाला हात जोडून म्हणाला, "बाऊजी, नार्वे में जो रेट हो, आप वही दे दो." काका इतके खूश झाले की घरी येऊन सगळ्यांना सांगत सुटले. "त्याला विषय समजलाय!"

"आणि आपल्या देशाचं काय, काका?" मी एकदा विचारलं.

"मधल्यांचं नको," ते म्हणाले. "मधल्यांना वर बघून लाज वाटते आणि खाली बघून बरं वाटतं. त्यांच्याकडून काही कळत नाही."

त्यांच्या दिवाणखान्यात टीव्हीच्या जागी वह्यांचं कपाट होतं. प्रत्येक वहीच्या पाठीवर निळ्या शाईत 'नॉ' किंवा 'म' लिहिलेलं. शाळा, जंगलं, बंदरं, मासे, तंबाखू, कर, रेल्वे, पाऊस. नॉर्वेला समुद्राखाली तेल सापडलं, पण त्याच्या आधीच तिथे शाळा होत्या आणि जहाजं होती, हे ते मला वारंवार बजावून सांगत, जणू सगळं श्रेय मीच तेलाला देऊन टाकलंय. मलावीला समुद्रच नाही. तंबाखू आणि चहा पिकवायचा, भाव दुसऱ्यांनी ठरवायचा, आणि त्या पैशात खत, तेल, औषधं बाहेरून आणायची. "म्हणून गरीब," मी म्हणायचे. "समुद्र नसलेला श्रीमंत देश नाही का जगात?" काका लगेच विचारायचे. झालं. पुन्हा पहिल्यापासून.

हे असंच चालायचं, पण दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलीला, मुक्ताला, एम.ए.च्या सेमिनारचा विषय मिळाला. एक श्रीमंत आणि एक अल्प उत्पन्नाचा देश निवडा, त्यांच्या अर्थव्यवस्थांची तुलना करा.

"आई, मेरी तो लॉटरी लग गई," मुक्ता म्हणाली आणि जिना उतरून गेली.

काकांनी तिला दारातच विचारलं, "कुठले देश?" ती म्हणाली, "तुमचेच." काका आत जाऊन नवीन शर्ट घालून आले.

त्या दिवसापासून रोज चारला शिकवणी. काकू चहा ठेवायच्या, काका वह्या उतरवायचे. मुक्ता हुशार आहे आणि वादाला पक्की. काकांनी कारण सांगितलं की ती म्हणे, "पण काका, हे कारण आहे का परिणाम?" शाळा कमी म्हणून गरिबी, की गरिबी म्हणून शाळा कमी? जंगल तोडलं म्हणून नदीत गाळ येऊन वीजघरं बंद पडली, पण वीज नाही म्हणून तर लाकूड जाळायला जंगल तोडलं ना? काका आधी रंगात यायचे. मग हळूहळू त्यांचा आवाज खाली यायला लागला. दुसऱ्या आठवड्यात ते मुक्ताने खोडलेलं कारण स्वतः पुन्हा तपासायचे आणि म्हणायचे, "बरोबर आहे तुझं. हेही नाही." त्यांचं जेवण कमी झालं. काकूंनी मला जिन्यात गाठून विचारलं, "मुक्ताचं अजून किती दिवस आहे हो?"

एका शुक्रवारी मीही खाली बसले होते. मुक्ताने यादी काढली. "बाकी सब हो गया काका. फक्त एक पॉइंट राहिला. सर म्हणाले, तो मस्ट आहे. बालमृत्यू. दर हजारी किती मुलं पहिल्या वर्षात जातात. तुमच्या वह्यांमध्ये सगळं आहे, तेवढंच कुठे दिसलं नाही."

काकांनी हातातली वही मिटली. "ते नको," ते म्हणाले.

"पण सर..."

"ते नको म्हटलं ना!" इतक्या वर्षांत त्यांचा चढलेला आवाज मी पहिल्यांदा ऐकला. पायात चपला न घालताच ते अंगणातून बाहेर निघून गेले.

मुक्ता रडवेली झाली. काकूंनी तिला वर पाठवलं, मला मात्र बसवून घेतलं. गार झालेल्या चहाचे कप गोळा करता करता त्या सांगू लागल्या, जणू कुणा दुसऱ्याच बाईची गोष्ट.

लग्नानंतर तीन वर्षांनी काकांना मलावीला पाठवलं होतं. नदीवरच्या एका छोट्या वीजघरात टर्बाइनचा नवा संच बसवायचा होता. काकूही गेल्या. तिथेच त्यांना मुलगी झाली, सातव्या महिन्यातच. "मूठभर होती. गावातल्या दवाखान्यात काचेची एक पेटी होती, विजेवर गरम राहणारी. तीत ठेवली. अकरा दिवस राहिली."

बाराव्या दिवशी सकाळी वीज गेली. नदीला पूर आला होता, गवत आणि गाळ येऊन वीजघराच्या तोंडाशी अडकला आणि संच बंद पडला. काकांनी बसवलेला संच. दवाखान्यात जनरेटर होता, डिझेल नव्हतं. काकूंनी मुलीला छातीशी घेतलं, वर घोंगडी घेतली. वीजघरावर काका कमरेएवढ्या पाण्यात उतरून माणसांबरोबर गवत उपसत होते.

"दुपारी वीज आली. हे तसेच चिखलाच्या अंगाने दवाखान्यात धावत आले. हसत होते. 'आली बघ,' म्हणाले. मी घोंगडी बाजूला केली. माझ्या कुशीत बघितलं तेव्हा त्यांना कळलं."

पुढे मूल झालं नाही. दहा वर्षांनी काकांना प्रशिक्षणासाठी नॉर्वेला पाठवलं. तिथल्या एका सोबत्याने घरी जेवायला बोलावलं. त्याला दहा वर्षांची मुलगी होती. बोलता बोलता तो म्हणाला, ही सातव्या महिन्यातच झाली, आम्हाला फार भीती वाटली होती. त्या मुलीने काकांना स्वतःच्या हाताने बटाटे वाढले.

"परत आले ते पहिली वही घेऊनच," काकू म्हणाल्या. "मी आपली वाट बघते, कधी एकदा कारण सापडतं. कारण सापडलं तर आपला दोष नव्हता असं ठरेल, असं त्यांना वाटत असणार. आणि सापडलं की दुसऱ्या दिवशी स्वतःच खोडतात."

"तुम्ही दोघं कधी बोललात यावर?"

"तिच्यावर? नाही हो. दुपारी 'आली बघ' म्हणाले, त्यानंतर नाही."

मी वर आले आणि मुक्ताला सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिने सरांना विचारलं, तो मुद्दा गाळला तर चालेल का. सर म्हणाले, त्याशिवाय तुलना अपुरी राहील.

रविवारी सकाळी दारावर टकटक झाली. काका. त्यांच्यामागे पायऱ्यांवर दम घेत काकू. वर यायला काकूंचे गुडघे कुरकुरतात, त्या सहसा येत नाहीत.

"मुक्ते," काका म्हणाले, "तो मुद्दा लिही. मी चुकलो."

"काका, रहने दो. मी नाही लिहिणार."

"लिही. लिहायलाच हवं. फक्त मला एक सांग." ते खुर्चीच्या टोकावर बसले. "ती दर हजारी संख्या असते ना, ती कशी धरतात? म्हणजे मूल तिथे जन्मलं, तिथेच गेलं, पण आई-बाप इथले. कामापुरते गेलेले. तर ते मूल कुठल्या देशात मोजतात?"

मुक्ताने माझ्याकडे बघितलं. मग तिने लॅपटॉप उघडला आणि बराच वेळ शोधत राहिली. काका शाळेतल्या मुलासारखे हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते.

"नियमाने तिथे मोजायला हवं," ती शेवटी म्हणाली. "पण त्या वेळी छोट्या गावांत सगळ्या नोंदी होत नव्हत्या, काका. पाहणी करून अंदाज काढायचे. घरोघर जाऊन तिथल्या बायकांना विचारायचे."

"आम्ही तर महिन्याभरात परत आलो," काका म्हणाले. "म्हणजे तिथे कुणी विचारायला आलं असेल तर हिला विचारलं नाही. आणि इथे..."

"इथे मला कुणी विचारलं नाही," काकू म्हणाल्या.

"म्हणजे नाहीच," काका म्हणाले. "दोन्हीकडे नाही."

मला काहीतरी बोलायचं होतं. आकडे एकेका मुलाचे नसतात, असं काहीतरी गणिताच्या बाईंनी बोलावं तसं. बरं झालं, बोलले नाही. मुक्ताने लॅपटॉप मिटला.

काकांनी मान वर केली ती आमच्याकडे नाही, काकूंकडे. चाळीस वर्षं एकाच घरात राहूनही, परक्या बाईला पत्ता विचारावा तसं त्यांनी तिला विचारलं, "अगं, ती डोळे उघडायची का? मी यायचो तेव्हा मिटलेलेच असायचे."

काकू भिंतीला धरून उभ्या होत्या. त्या चालत आल्या आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या.

"उघडायची," त्या म्हणाल्या. "दुपारी. तुम्ही कामावर असायचात तेव्हा."