इस्त्री केलेली सासू

जुन्या मालिकेतली नायिका रडत असताना तुम्ही कधी तिच्या साडीचा पोत तपासला आहे का? आमच्या शेजारचे नाना रोज तपासतात.

गुजरातेत, भेस्तानात आमची दारं समोरासमोर. नानांनी जन्मभर कापडाच्या कारखान्यात ताके तपासले. दिव्यापुढे कापड धरायचं, तुटका धागा दिसला की खडूने खूण करायची आणि गुजरातीत ओरडायचं, "माल बराबर नथी!" निवृत्तीनंतर हा निकाल पोहे, जावई आणि नगरसेवक यांनाही लागू झाला. सगळ्यात जास्त टीव्हीला.

त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, जुन्या मालिकांचं वेड. "ओ, आजबी धुयकटच दिखस," अशी चित्र धुरकट दिसण्याची तक्रार त्यांनी केली की नाना रिमोट घेऊन उठलेच. वायर बदलली. शार्पनेस इतका चढवला की नायकाच्या मिशा तारेच्या ब्रशासारख्या दिसू लागल्या. मग चित्र सुधारणारं सॉफ्टवेअर माझ्या लॅपटॉपवर टाकायला लावलं. एक भाग सुधारायला अख्खा दिवस गेला. त्यात सासूच्या सुरकुत्या गेल्या, आठ्या गेल्या, रागही गेला. चेहऱ्याला इस्त्री केलेली ती सासू सुनेला घराबाहेर काढत होती आणि दिसत होती शोरूममधल्या पुतळ्यासारखी.

"आते बराबर दिखस का?" नानांनी आशेने विचारलं.

"धुयकटच." काकू टीव्हीपासून हातभर अंतरावर बसल्या होत्या. मग उठून त्यांनी नानांचा चहा कपाच्या शेजारी ओतला.

माझं डोकं तडकलं. आपल्या घरांत बाईने तक्रार केली की यंत्र तपासतात, बाईला कोणी तपासत नाही! मी नानांना जिन्यात गाठलं. "टीव्ही चांगला आहे, नाना. काकूंना मोतीबिंदू असेल. दवाखान्यात का नेत नाही?"

मी भांडायच्याच तयारीत होते. नाना कठडा धरून उभे राहिले.

"माले मालूम शे वं," ते हळूच म्हणाले. "टीव्ही बिघडना तं मी नीट करसू. तिना डोयाले कोणी हात लावा आनि शे तो उजेडबी गया तं?"

मी भांडण गुंडाळलं आणि सोबत येते म्हणाले. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. मोतीबिंदूच निघाला. ठरल्या दिवशी शस्त्रक्रिया चालू असताना नाना बाकावर बसून दारावरच्या पडद्याच्या कापडात दोष शोधत होते. एकही सापडेना, म्हणून जास्तच घाबरले.

पट्टी निघाली, काकूंनी डॉक्टरीणबाईंच्या ओढणीचा रंग बरोबर सांगितला आणि आमचा जीव भांड्यात पडला. घरी येताच त्यांनी मालिका लावायला सांगितली.

"ओ माय! ह्या बाईना तोंडले काय व्हयनं? पयलानं लावा!"

नानांनी निमूटपणे सगळी सुधारणा काढून टाकली. फिकट, दाणेदार, जुनं चित्र आलं.

"हाई बराबर शे," काकू म्हणाल्या. मग मान वळवून नानांच्या सुरकुत्यांकडे पाहत राहिल्या. "तुम्ही कव्हय इतला थकी गयात?"

नाना हसले आणि पहिल्यांदाच टीव्हीकडे पाठ करून बसले.

तुमच्या घरी कोणी टीव्ही धुरकट दिसतो म्हणालं, तर रिमोट खाली ठेवा. त्या माणसाला याच आठवड्यात डोळे तपासायला घेऊन जा. भीती वाटत असेल तर शेजारणीला सांगा. आम्ही सोबत येतो.