रुसवाहारक बर्फी

निलंग्यात बसस्टँडच्या मागं वाजिदचं छपाईचं दुकान आहे. लग्नपत्रिका, पापडाची पाकिटं, मसाल्याचे खोके, सगळं तो स्वतःच संगणकावर मांडतो. हाताला सफाई अशी, की त्याच्या पाकिटात घातलेला साधा चिवडासुद्धा परदेशातून आल्यासारखा वाटतो. म्हणूनच वर्षाराणी मॅडम शाळेच्या प्रदर्शनाचं काम घेऊन त्याच्याकडे आल्या.

"पाचवीच्या पोरांनी गोष्टी लिहिल्यात, वाजिदभाई. त्या गोष्टींतल्या खाण्यापिण्याचे खोके करायचेत. रिकामेच, पण खरे वाटले पाहिजेत हं."

"मॅडम, बघणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटंल!"

यादीत ढगांचं ताक होतं, शिंक थांबवणारे शेंगदाणे होते, आणि कशिश नावाच्या मुलीच्या गोष्टीतली रुसवाहारक बर्फी होती. राणी रुसली की राजा ती आणायला सात डोंगर ओलांडून जातो. वाजिदनं त्या बर्फीसाठी गुलाबी खोका केला, वर सोनेरी अक्षरं टाकली, आणि हाताच्या सवयीनं खाली 'तक्रारीसाठी संपर्क' म्हणून स्वतःचा मोबाइल नंबरही छापून टाकला. खोका इतका झकास दिसत होता, की त्याचा फोटो त्यानं स्टेटसला ठेवला.

दुपारपर्यंत तो फोटो गावोगाव फिरला आणि फोन थांबेना. जळकोटच्या एका बाईंना सुनेसाठी अर्धा किलो हवी होती. चौकातले मिठाईवाले व्यंकटराव तर तरातरा दुकानातच आले.

"आमच्या पोटावर पाय द्यायलास का रे? बर्फी कधीपासून सुरू केली?"

वाजिदनं खोका उघडून दाखवला. "बघा की, रिकामा हाय."

व्यंकटरावांचे डोळे पांढरे झाले. "पहिला माल खपला पण?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं शेषेराव आले. साठीचे शेतकरी, हातात पिशवी, चेहरा पडलेला.

"ती बर्फी दे बाबा."

"मामा, अशी बर्फी नसतीच. लेकरानं लिहिलेली गोष्ट हाय ती."

"छापलंय की वर. छापलेलं खोटं कसं असंल?" शेषेराव बाकावर टेकले. "ट्रॅक्टर वळत नव्हता म्हणून दारातला शेवगा तोडला म्या. कारभारणीनं लावलेला. न इचारता तोडला. दीड महिना झाला, चतुराबाई भाकर देती, पण शब्द देत न्हाई. घर खायला उठलंय बघ."

दुकानाच्या मागंच वाजिदचं घर. पडद्याआडून सगळं ऐकणारी त्याची बायको जोहरा खोबऱ्याच्या बर्फीचं ताट घेऊन बाहेर आली आणि तिनं गुलाबी खोका भरायलाच घेतला.

"अगं, ही फसवणूक झाली!"

"घरची बर्फी आहे म्हणून सांगा की. फसवणूक कशाची?"

वाजिदनं तसं तीनदा सांगितलं. "हाव, हाव, कळलं," म्हणत शेषेरावांनी डोळा मिचकावला आणि खोका छातीशी धरून ते एसटीकडे निघाले.

प्रदर्शनासाठी वाजिदनं दुसरा खोका केला, पण जिवाला चैन पडेना. बर्फी लागू पडली नाही तर? म्हाताऱ्याची शेवटची आशा आपणच मोडली, असं त्याला वाटत राहिलं. तिसऱ्या दिवशी एक ठसठशीत बाई गुलाबी खोका काखेत मारून दुकानाच्या पायऱ्या चढली.

"बर्फीवाला तूच का? मी चतुराबाई."

वाजिद गडबडीनं उठला. "मावशी, ती साधीच बर्फी होती, मी मामांना..."

"मला शुगर हाय. खाल्लीच न्हाई मी. समदी त्येंनीच खाल्ली." तिनं खोका उलटा करून त्याच्यापुढं आपटला. "पण हे वाचून बघ."

तिथं बारीक अक्षरांत कशिशच्या गोष्टीतलं वाक्य होतं. वाजिदनं ते न वाचताच चिकटवलं होतं. 'बर्फी देण्याआधी समोर बसावे आणि माझे चुकले असे तीनदा म्हणावे. नाहीतर गुण येत नाही.'

"औषधासारखं वाचलं त्येंनी. समोर बसले अन् म्हणले, तीनदा! चाळीस वर्सांत एकदा म्हणले नव्हते." चतुराबाईंचा आवाज जरासा ओला झाला. मग लगेच करारी झाला. "आता बचत गटातल्या बाया मागं लागल्यात. पंधरा खोके दे."

"एवढी बर्फी कुठून आणू, मावशी?"

"बर्फी कुणाला पायजे? रिकामेच दे. मागचं तेवढं मोठ्या अक्षरात छाप. आमच्या मालकलोकांना चष्म्याबिगर दिसत न्हाई."

वाजिद हसत हसत वहीत आकडा लिहायला लागला, तेवढ्यात पडद्याआडून जोहराचा शांत आवाज आला.

"सोळा करा."