आदर्श मधुमेही माणिकप्पांचा सत्कार

रोग बरा होवो न होवो, कार्यक्रम व्यवस्थित पार पडला पाहिजे, हे आरोग्यसेवेचं मूलतत्त्व आहे. खजुरीचं इन्सुलिन प्रशिक्षण शिबिर या कसोटीला पुरेपूर उतरलं. दिवसभर पुरणारं इन्सुलिन रोग्यांनी घरच्या घरी, जिवाला धोका न होता कसं टोचून घ्यावं, हे शिकवायचं होतं. सत्तर टक्के वेळ सत्काराला गेला, वीस टक्के सत्कारमूर्तींची वाट बघण्यात. उरलेल्या वेळात शिकवणंही झालं (हे विशेष).

व्यासपीठावर मधोमध माणिकप्पा होते. वीस वर्षांच्या मधुमेहाबद्दल त्यांना ‘आदर्श मधुमेही’ म्हणून फेटा आणि शाल मिळाली. (रोग एवढी वर्षं टिकवणं सोपं नाही. पुष्कळदा रोगीच आधी संपतो.)

मग स्नेहल सिस्टरनी चार गोष्टी सांगायला घेतल्या. इन्सुलिन रोज ठरल्या वेळी आणि डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच घ्यायचं. एकाचं इन्सुलिन टोचायचं पेन दुसऱ्यानं वापरायचं नाही, सख्खा भाऊ असला तरी. जेवणावळ आहे म्हणून आपल्या मनानं डोस वाढवायचा नाही. एवढ्यात सूत्रसंचालकांनी आभारासाठी माईक घेतला, कारण भात निवायला लागला होता. भोंग्यांची तोंडं श्रोत्यांकडे असल्यामुळे व्यासपीठावर तसंही काही ऐकू येत नव्हतं. मान्यवर म्हणूनच एकाग्रतेनं माना डोलावत होते.

पुढच्या आठवड्यात मादन हिप्परग्याला माणिकप्पांच्या भाचीचं लग्न होतं. पंगतीला गव्हाची गोड हुग्गी होती.

“दोन दिसाचं आजच खानार हाय, तर दोन दिसाचं आजच टोचून घेतो,” असं ते सकाळी पत्नीला, रत्नम्मांना म्हणाले आणि पोट मोकळं राहावं म्हणून न्याहारी सोडली.

पण पाहुण्यांचे सत्कार उरकल्याशिवाय आमच्याकडे पंगत बसत नाही, आणि माणिकप्पा आता मान्यवर. चारच्या सुमाराला त्यांच्या फेट्याखालून घाम गळायला लागला, हात थरथरायला लागले आणि ते वधूपित्यालाच ‘तुमी कोन?’ विचारू लागले.

शंभरातल्या शंभर लोकांनी निदान केलं: शुगर वाढली. हुग्गीची बादली लांब नेण्यात आली. रत्नम्मा रडत पदरानं वारा घालत होत्या. लग्नाला आलेल्या स्नेहल सिस्टर गर्दी सारत पुढं आल्या आणि त्यांनी गूळ मागितला.

“शुगरच्या मानसाला गूळ कामून द्यायलाव, बाई? मारायलाव काय?” वधूपिता शिवशंकरप्पा आडवे आले.

“शुगर उतरलीय, अप्पा. अजून गिळता येतंय, तवर देऊ द्या.”

गूळ गेला, वर साखरेचं पाणी गेलं, आणि थोड्या वेळानं माणिकप्पांनी बायकोला ओळखलं. रत्नम्मांनी हात धरला तो सोडलाच नाही. ते बघून मलासुद्धा भरून आलं. अंगात अजून दोन दिवसांचं इन्सुलिन होतं, म्हणून त्यांना तसंच दवाखान्यात नेलं.

गावानं लगेच जाब विचारला, की ही गुळाची गोष्ट शिबिरात कामून सांगितली न्हाई? सांगायची होती. ती चौथी होती.

सुज्ञ वाचकहो, सिस्टरनी चार गोष्टी सांगायला घेतल्या असं मी लिहिलं आणि तीनच दिल्या. चौथी कुठं गेली, हे तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. तुम्ही फेट्याकडे बघत होता. पुढच्या शिबिरात तुमची खुर्ची व्यासपीठावर मांडली आहे.